कॅचर मुलीची अकरावी आणि १ सप्टेंबर

अमेरिकेत हायस्कूल सॉफ्टबॉल गांभीर्याने खेळणाऱ्या मुलीच्या घरात अकरावीच्या वर्षातल्या १ सप्टेंबरची वाट पाहिली जाते, कारण त्या तारखेपूर्वी डिव्हिजन वन, म्हणजे महाविद्यालयीन खेळांच्या सर्वांत वरच्या गटातील महाविद्यालयांच्या प्रशिक्षकांना तिला संघात घेण्याविषयी तिच्याशी बोलता येत नाही आणि तिच्या ईमेललाही तसे उत्तर देता येत नाही. हा नियम २०१८ मध्ये आला. त्याआधी आठवीतल्या मुलींनाही महाविद्यालयांकडून तोंडी शब्द दिले जात. ज्या वयात मुलीला आपल्या आवडीचा विषयही ठरवता येत नाही, त्या वयात तिच्याकडून असा निर्णय घेणे मला अन्यायाचे वाटते, म्हणून ही वाट पाहणे कितीही जड गेले तरी नियम योग्यच आहे असे माझे मत आहे.

आमची लेक कॅचर आहे, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारी खेळाडू. या जागेवरच्या खेळाडूला प्रशिक्षक आधी पॉप टाइमवरून जोखतात, म्हणजे चेंडू तिच्या ग्लोव्हमध्ये पडल्यापासून तिने उठून फेकलेला तो सेकंड बेसवरच्या, म्हणजे तिच्या समोर मैदानाच्या पलीकडच्या टप्प्यावरच्या, सहकारी खेळाडूच्या ग्लोव्हमध्ये पोहोचेपर्यंत लागणारा वेळ. हे अंतर जवळजवळ ८५ फूट असते आणि सारे काही दोन सेकंदांच्या आत उरकावे लागते. हात कितीही ताकदवान असला तरी पावले वेळेवर वळली नाहीत तर फेक उशिराच पोहोचते, त्यामुळे तिचा बहुतेक सराव पावलांचाच असतो आणि तो बघायला येणाऱ्यांना कंटाळवाणा वाटतो.

शाळेचे सामने बहुतेक राज्यांत वसंतात होतात आणि नेमका तोच महाविद्यालयीन संघांचाही हंगाम असल्यामुळे प्रशिक्षक शाळेच्या मैदानावर क्वचितच दिसतात. ते येतात उन्हाळ्यात, ट्रॅव्हल बॉलच्या, म्हणजे गावोगाव फिरून खेळणाऱ्या खासगी क्लबांच्या स्पर्धांना. ते स्टॉपवॉच घेऊन बॅकस्टॉपमागे, म्हणजे कॅचरच्या पाठीमागच्या जाळीमागे बसतात आणि फटका हुकल्यावर मुलगी डगआउटमध्ये, म्हणजे संघाच्या बसण्याच्या जागेत कशी परतते, हेही टिपून ठेवतात. या स्पर्धांचा प्रवास, हॉटेल आणि क्लबची फी यांचा भार मोठा असतो, आणि तो न पेलणाऱ्या घरांतल्या चांगल्या खेळाडू मागे राहतात याची मला मनापासून खंत वाटते.

पुण्याहून नातेवाईक फोनवर विचारतात, "मग स्कॉलरशिप पूर्ण मिळणार ना?" आपल्याकडे खेळाचे सवलतीचे गुण थेट गुणपत्रिकेत जमा होतात, तसा सरळ हिशेब इथे नाही. २०२४-२५ पर्यंत डिव्हिजन वनच्या एका संघाला जास्तीत जास्त १२ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत आणि त्या वीस-बावीस मुलींत वाटल्या जात. महाविद्यालयीन खेळाडूंना पैसे देण्याविषयीच्या खटल्यात २०२५ मध्ये झालेल्या न्यायालयीन तडजोडीनंतर ती मर्यादा गेली आणि ती तडजोड स्वीकारणाऱ्या महाविद्यालयांना २५ खेळाडूंची मर्यादा आली, पण प्रत्येकीला पैसे देण्याचे बंधन कोणावरही नाही. डिव्हिजन थ्री या तिसऱ्या गटामध्ये तर खेळासाठी शिष्यवृत्तीच नसते, तिथे मदत मिळते ती गुणांवर किंवा घरच्या परिस्थितीवर. शिवाय आता तयार खेळाडू एका महाविद्यालयातून दुसरीकडे सहज जातात. २०२४ मध्ये नायजारी कॅनडी ही पिचर (चेंडू टाकणारी खेळाडू) स्टॅनफर्ड सोडून दहा लाख डॉलरहून मोठ्या करारावर टेक्सास टेककडे गेली आणि पुढच्याच वर्षी तो संघ राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला. असे पर्याय समोर असताना बारावीतून येणाऱ्या मुलीसाठी जागा राखून ठेवायला प्रशिक्षक कचरणारच.

म्हणून मी इतर मराठी पालकांना आग्रहाने सांगतो की प्रशिक्षकांना ईमेल मुलीनेच लिहावा आणि फोनही तिनेच करावा, कारण पुढची चार वर्षे त्यांच्याशी तिलाच बोलायचे आहे. आमच्या मुलीने यादी केली आहे ती जीवशास्त्र शिकायला आवडेल अशाच महाविद्यालयांची, खांदा दुखावून खेळ थांबला तरी जिथे राहावेसे वाटेल अशा ठिकाणांची. प्रयोगशाळेचे तास बहुधा दुपारी असतात आणि सरावही दुपारीच असतो. त्यामुळे संघातल्या किती मुली विज्ञान शिकतात आणि तास व सराव एकाच वेळी आले तर काय करतात, हे ती प्रत्येक प्रशिक्षकाला विचारणार आहे आणि त्या उत्तरांवरूनच यादीतली नावे कमी करणार आहे.