ओढणे आणि पेलणे

निवृत्तीनंतर ह्यूस्टनजवळचे घर विकून कायमचे चाकांवरच्या घरात राहायचे असे आम्हा दोघांचे ठरले, आणि त्यानंतरचे पाच-सहा महिने आम्ही उलट्या क्रमाने खरेदी करत हिंडलो. आम्ही घरे पाहत होतो, म्हणजे ओटा किती लांब, खिडक्या किती मोठ्या, पलंगाखाली सामान किती मावेल. ४१ फुटांचा एक 'फिफ्थ व्हील' प्रकारचा ट्रेलर पत्नीला इतका आवडला की त्यात देवघर कुठे बसेल हेही तिने मनाशी ठरवून टाकले. आमच्याकडे असलेला 'पाऊण टनी' म्हणवणाऱ्या वर्गातला डिझेल पिकअप हा ट्रेलर ओढेल का, असे मी विक्रेत्याला विचारले, तेव्हा तो "सहज ओढेल" म्हणाला. त्याचे उत्तर खोटे नव्हते, पण ट्रक तो पेलेल का, हा खरा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

फिफ्थ व्हील हा ट्रेलर गाडीच्या मागच्या हुकाला जोडत नाहीत. त्याचा पुढचा भाग पिकअपच्या हौद्यावर येतो आणि मागच्या आसाच्या वर, किंवा किंचित पुढे, बसवलेल्या पोलादी तबकडीत त्याची जाड खुंटी अडकते. नाव घोडागाडीच्या काळातले आहे. पुढचा आस वळावा म्हणून त्याच्यावर आडवे बसवलेले लोखंडी कडे म्हणजे चार चाकांच्या जोडीला पाचवे चाक. या रचनेमुळे महामार्गावर शेजारून अठरा चाकी ट्रक गेला किंवा आडवा वारा सुटला तरी ट्रेलर साध्या ट्रेलरइतका डोलत नाही. त्याची किंमत मात्र ट्रकला मोजावी लागते. साध्या ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार ट्रकवर येतो, तर फिफ्थ व्हीलचा साधारण २० ते २५ टक्के.

त्या ४१ फुटी ट्रेलरचे कमाल अनुज्ञेय वजन १६,५०० पौंड होते. त्याचे २२ टक्के धरले तरी ३,६३० पौंड, म्हणजे जवळपास १,६५० किलो, आमच्या हौद्यात बसणार होते. ट्रकचे चालकाच्या बाजूचे दार उघडून चौकटीवरची चिठ्ठी मी पहिल्यांदा नीट वाचली, तेव्हा माणसे आणि सामान मिळून २,२४० पौंडांच्या पुढे जाऊ नये असे त्यावर स्पष्ट छापलेले होते, आणि त्यातच आम्ही दोघे, अवजारांची पेटी आणि ती पोलादी तबकडीही आली. डिझेल इंजिन ओढायला जोरकस असते, पण स्वतःच जड असल्यामुळे त्याच ट्रकची पेलण्याची क्षमता कमी करते, हेही मला त्याच दुपारी कळले. विक्रीपत्रकात ठळक छापलेले असते ते ट्रेलरचे कोरे वजन, ज्यात ना पाणी असते ना संसार. त्यावरून हिशेब करणे म्हणजे रिकाम्या पिंपावरून पाण्याचे ओझे ठरवण्यासारखे आहे.

ट्रेलरच्या दारापाशीही अशीच एक चिठ्ठी असते. त्या ४१ फुटीवर १,९०० पौंड सामानाची मर्यादा होती आणि खालीच, पाण्याची टाकी भरली तर त्यातले किती पौंड पाणीच खाईल, याची सूचना होती. एका गॅलनला सुमारे ८.३ पौंड या हिशेबाने ७५ गॅलनचे ६२० पौंड झाले, म्हणजे संसारासाठी उरले १,२८०. घरी परतल्यावर आम्ही न्यायच्या वस्तू खोक्यांत भरून न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर एकेक तोलल्या. बिडाचे तवे, कढया, खलबत्ता, वेट ग्राइंडर, कणकेचे डबे, कपडे, शिलाई यंत्र असे सगळे मिळून १,६४० पौंड भरले, आणि त्यातले ३१० पौंड तीस वर्षांच्या दिवाळी अंकांचे होते. कागद इतका जड असतो याची कल्पना पुस्तके वाचणाऱ्याला नसते. अंक मंडळाच्या ग्रंथालयात गेले. खलबत्त्यावरून मात्र दोन दिवस अबोला होता.

यानंतर घरे पाहण्याची आमची रीतच बदलली. बाहेर सरकणाऱ्या खोल्या आत घ्यायला लावल्याशिवाय आम्ही ट्रेलर पाहिलाच नाही, कारण प्रवासाच्या दिवशी दुपारी विश्रांतिस्थळी थांबल्यावर घर त्याच मिटलेल्या अवस्थेत असते. एका देखण्या ट्रेलरमध्ये अशा वेळी फ्रिजचे दार जेमतेम वीतभर उघडत होते आणि शौचालयात शिरायचे तर ओट्यावरून चढून जावे लागले असते. निजायची खोली हौद्याच्या वर येत असल्याने तिथे जायला दोन-तीन पायऱ्या असतात. रात्री उठावे लागणाऱ्या आमच्या वयाच्या माणसाने त्या दहादा चढून-उतरून गुडघ्यांचे मत घ्यावे. जुन्या ट्रेलरच्या बाहेरच्या भिंतीवरून तळहात फिरवावा. कुठे फुगवटा लागला, तर आत पाणी मुरल्याची शंका घ्यावी.

स्वयंपाकाच्या बाबतीत अमेरिकन सल्ले आपल्या उपयोगाचे नाहीत. शेगडीच्या वरचा पंखा खरोखर बाहेर हवा फेकतो, की जाळीतून फिरवून तीच पुन्हा तोंडावर सोडतो, हे पाहावे. मोहरी-हिंगाची एक फोडणी त्या लहान जागेतला धुराचा भोंगा वाजवायला पुरेशी असते, आणि प्रोपेन जळताना पाण्याची वाफही तयार होत असल्याने थंडीत खिडक्यांच्या काचा आतून घामेजतात. छतातला मोठा, उलटसुलट फिरणारा पंखा आम्ही म्हणूनच अनिवार्य मानला.

विजेचा प्रश्न टेक्सासच्या उन्हाळ्यानेच सोडवला. ३० अँपिअरच्या जोडणीवर ३,६०० वॅट मिळतात, ५० अँपिअरच्या जोडणीवर १२,००० पर्यंत. दोन वातानुकूलन यंत्रे आणि सोबत मायक्रोवेव्ह चालवायचा तर निवड करण्यासारखे काही उरत नाही. हमीपत्राचा बारीक मजकूर मात्र सावकाश वाचावा. अनेक उत्पादक कायमच्या वास्तव्यासाठी वापरलेल्या ट्रेलरला हमी नाकारतात, आणि विमाही पूर्णवेळ राहणाऱ्यांसाठीचा वेगळा घ्यावा लागतो.

शेवटी आम्ही आधी मागे चार चाके असलेला एकटनी ट्रक घेतला आणि मग त्याला पेलेल असा, ३४ फुटांचा, १४,००० पौंड मर्यादेचा, जुना पण कोरडा ट्रेलर शोधला. दोहोंच्या मर्यादांची बेरीज २६,००० पौंडांच्या वर गेल्यामुळे टेक्सासमध्ये मला बिगरव्यावसायिक 'अ' वर्गाचा परवाना काढावा लागला, आणि त्रेसष्टाव्या वर्षी परीक्षकाला शेजारी बसवून मी ट्रेलर मागे घेतला.

पहिल्या प्रवासात ट्रक स्टॉपच्या वजनकाट्यावर आम्ही दोनदा उभे राहिलो, एकदा जोडून आणि एकदा नुसत्या ट्रकसह. वजाबाकी करता ट्रेलर भरला १३,०४० पौंड. उरलेल्या ९६० पौंडांच्या पावतीकडे पाहत पत्नीने खलबत्त्याचा विषय पुन्हा काढला.