ओलीचा वास आणि टायरवरचे चार आकडे

गेल्या शनिवारी हानोवरजवळच्या एका गावात, सत्तरी उलटलेल्या एका जर्मन आजोबांनी स्वतःच्या विक्रीच्या गाडीपाशी मला खाली वाकायला लावले आणि टायरवरचे चार आकडे बोटाने दाखवले. १४१७, म्हणजे २०१७ सालच्या चौदाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. "हे आधी बदला, त्यांचे पैसे मी किमतीतून कमी करतो," असे ते म्हणाले आणि घासाघीस करण्यासाठी मी मनात जुळवून आणलेली सगळी वाक्ये तिथेच राहिली.

आम्ही दोघे चार महिन्यांपासून एक जुनी, आटोपशीर कॅम्पर, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, शोधत होतो. आपल्याकडचा पहिला प्रश्न ‘ॲव्हरेज किती देते?’ हाच असतो, आणि मीही तोच घेऊन निघाले होते. इथे हिशेब उलटा, शंभर किलोमीटरला किती लिटर असा होतो. चालकाच्या डोक्यावर पलंग असलेल्या उंच गाड्या अकरा-बारा लिटर सहज पितात; फियाट डुकाटोच्या पत्र्याच्या व्हॅनमध्ये बांधलेली ५.९९ मीटरची गाडी सबुरीने चालवली, तर नऊ लिटरच्या आसपास, म्हणजे लिटरला अकरा किलोमीटर देते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ताशी १२० ऐवजी १०० ने गेल्यास तो जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो, म्हणून चालवणाऱ्याचा पायही गाडीइतकाच महत्त्वाचा ठरतो.

पण डिझेलपेक्षा ओल महागात पडते. एका विक्रेत्याकडची गाडी चकचकीत होती आणि आत अत्तराचा घमघमाट होता. तरीही पलंगाखालचा कप्पा उघडताच पावसाळ्यात चिपळूणच्या घरातल्या कपाटाला येतो तोच कुबट वास आला. कोकणातल्या माणसाच्या नाकाला तो ओळखायला यंत्र लागत नाही, आणि याचा मला अभिमान आहे.

आजोबांकडे मात्र यंत्रही होते. छतावरच्या खिडकीभोवती त्यांनी स्वतःच ओल मोजण्याचे यंत्र टेकवले, एका कोपऱ्यात आकडा थोडा चढला तो लपवला नाही, आणि तिथले सील गेल्या वर्षी बदलल्याची पावती काढून दिली. टायमिंग बेल्ट, ब्रेक, दर दोन वर्षांची सरकारमान्य तपासणी, या सगळ्यांचे कागद एकाच फायलीत तारखेनुसार लावलेले होते. गाडीच्या नोंदणीपत्रावरचा ‘जी’ हा रकाना आधी वाचा, असेही त्यांनीच सांगितले. तिथे चालक धरून गाडीचे स्वतःचे वजन असते; भरलेल्या गाडीच्या ३,५०० किलोच्या मर्यादेतून ते वजा केले की बाकीची माणसे, पाणी आणि सामान यांच्यासाठी साधारण किती किलो उरतात ते कळते. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, हे मी घरी कधी मोजलेच नव्हते.

असा प्रामाणिकपणा फक्त इथेच मिळतो, असे कोणी म्हटलेले मला चालणार नाही. बाबांनी आमची बजाज स्कूटर विकली, तेव्हा दुसरा गिअर सटकतो हे घेणाऱ्याला आधी सांगितले होते आणि दोनशे रुपये सोडले होते. इथे फरक एवढाच, की सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीमागे कागद असतो.

एवढ्या पैशांत जुनी गाडी कशाला, असे घरून विचारले जाते. दर सुट्टीचा हॉटेलचा खर्च आणि स्वतःच्या शेगडीवरचा वरणभात हे दोन्ही मोजले, तर मला हा व्यवहार योग्यच वाटतो.

फायलीच्या तळाशी एक वही निघाली. प्रत्येक वेळी भरलेले डिझेल आणि तेव्हाचे किलोमीटर आजोबांनी तिच्यात बारीक अक्षरात लिहिले आहेत, अगदी बाबा लिहीत तसेच. वहीत अजून अकरा पाने कोरी आहेत आणि येत्या बुधवारी गाडी आमच्या नावावर होईल.