उंटाच्या वशिंडात पाणी नसतं, मग तो तगतो कसा?

जैसलमेरला जाऊन जवळच्या सम गावच्या वाळूत उंटावर बसून आलेल्या कुणालाही विचारा, हा प्राणी पाण्याशिवाय कसा राहतो, उत्तर ठरलेलं, वशिंडात पाणी भरून ठेवतो. अहो, वशिंडात नुसती चरबी असते! उपासमार झाली की ती वापरली जाते आणि वशिंड लुळं पडून एका बाजूला कलतं. चरबी अशी एकाच जागी असल्यामुळे बाकीच्या अंगावर तिचा थर नसतो, म्हणून अंगातली उष्णता सहज बाहेर पडते.

खरी कमाल पाणी साठवण्यात नाहीच, ते खर्च न करण्यात आहे, आणि त्यातही मला सगळ्यात भारी वाटतं ते त्याच्या अंगाचं टेंपरेचर. आपल्याला दोन डिग्री ताप चढला की आपण अंथरूण धरतो, तहानलेल्या उंटाचं टेंपरेचर मात्र पहाटे ३४ डिग्रीपर्यंत उतरतं आणि दुपारी ४० च्या वर जातं, रोजच. म्हणजे दिवसभराची उष्णता तो घाम गाळून घालवत बसत नाही, अंगातच मुरवतो आणि रात्री गार वाऱ्यात सोडून देतो, एवढ्यानेच मोठ्या उंटाचं दिवसाला साधारण ५ लिटर पाणी वाचतं. पोटभर पाणी मिळत असेल तर तो असं करत नाही बरं का, तेव्हा फरक दोनेक डिग्रीचाच.

हे सगळं मोजलं क्नूट श्मिट-नील्सन या शास्त्रज्ञाने, १९५० च्या दशकात अल्जीरियात सहारामध्ये राहून. त्यांनी एका उंटाची लोकर कातरून बघितली तर त्याला जवळजवळ दीडपट घाम यायला लागला, म्हणजे पाठीवरची ती दाट लोकर ऊन अडवते.

नाकही बघण्यासारखं. वाळू उडाली की नाकपुड्या बंद, आणि आतल्या वळणावळणाच्या पडद्यांवर रात्री श्वासातली वाफ अडकते, बाहेर जाते ती बरीचशी कोरडी हवा. लघवी घट्ट, लेंड्या इतक्या सुक्या की लगेच जाळायला चालतात.

वजनाच्या पाव भाग पाणी गेलं तरी उंट चालत राहतो, माणूस त्याच्या निम्म्यावरच संपतो कारण आपलं रक्त दाट होतं. उंटाच्या रक्तातलं पाणी फार कमी होत नाही, जातं ते मुख्यतः बाकीच्या शरीरातलं. मग पाणी दिसलं की दहा-पंधरा मिनिटांत शंभरेक लिटर! एकदम एवढं पाणी रक्तात आलं तर आपल्या तांबड्या पेशी फुटतील, उंटाच्या लंबगोल असतात आणि दुपटीहून जास्त फुगल्या तरी टिकतात.

उंट खाली बसलेला असेल तेव्हा छातीखालचा जाड घट्टा नक्की बघा. सगळा भार त्यावर आणि गुडघ्यांवर, पोट तापलेल्या वाळूपासून वर उचललेलं, खालून वारा खेळतो.

इतकं सगळं असूनही आपल्याकडचे उंट झपाट्याने कमी होतायत याचं फार वाईट वाटतं. २०१२ च्या पशुगणनेत देशात ४ लाख होते, २०१९ मध्ये अडीच लाख. राजस्थानने २०१४ मध्ये त्याला राज्यप्राणी केलं, पण वाहतुकीला ट्रॅक्टर-ट्रक आले, चराईची गोचर जमीन आक्रसली, आणि पिढ्यानपिढ्या उंट पाळणाऱ्या रायका लोकांची पोरं आता शहरात काम शोधतायत.