तुम्ही विचारलंत म्हणून: झाडं गेली तर प्राणवायू संपेल का?

पाच जून जवळ आला की शाळांची बोलावणी येतात. माझं आयुष्य भूगर्भशास्त्र शिकवण्यात गेलं, म्हणून रोपं लावून झाल्यावर मुलांशी बोलायचं काम माझ्याकडे येतं. दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "मॅडम, सगळी झाडं तोडली तर आपला प्राणवायू संपेल का?" मी "नाही" म्हणते. मुलांच्या हाताची माती अजून वाळलेली नसते, आणि शिक्षकांचे चेहरे उतरतात. तिथे दहा मिनिटांत सांगता येत नाही ते इथे सांगते.

मुलांपुढे मी दोन दगड ठेवते. पहिला रेडीचा. वेंगुर्ले तालुक्यातल्या या गावात लोहखनिजाच्या खाणी आहेत. तुकडा हातात घेतला की आधी वजन जाणवतं, मग पट्टे दिसतात. एक काळसर-लाल लोहाचा, एक फिकट गारगोटीचा, पुन्हा लोहाचा. गोव्यात आणि कर्नाटकातही असे पट्टेदार दगड आहेत. रेडीचा हा दगड धारवाडी काळातला, म्हणजे अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचा. आणि हा समुद्राचा गाळ आहे.

आजच्या समुद्रात असा गाळ साचू शकत नाही. लोह पाण्यात विरघळून राहायचं तर त्या पाण्यात प्राणवायू नसावा लागतो, आणि तेव्हा तो नव्हता. समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांमधून बाहेर पडलेलं लोह पाण्यात तसंच फिरत राहायचं. काही गावांत बोअरचं पाणी काढताना नितळ दिसतं आणि बादलीत तासभर राहिलं की तांबूस होऊन तळाला गाळ बसतो, ते तुम्ही पाहिलं असेल. हवा लागली आणि लोह गंजलं. तेच समुद्राएवढ्या बादलीत, कोट्यवधी वर्षं चाललं होतं. सगळं लोह प्राणवायूमुळेच गंजलं असं मात्र नाही. प्राणवायू न सोडता, प्रकाश आणि लोह यांवर जगणारे जीवाणू आजही आहेत, त्यांचाही या पट्ट्यांत वाटा असणार.

प्राणवायू सोडणारे होते सायनोबॅक्टेरिया नावाचे सूक्ष्म जीवाणू. उन्हाच्या बळावर पाणी फोडायचं आणि त्यावर पोट भरायचं ही युक्ती त्यांना साधली. प्राणवायू त्यांच्या लेखी टाकाऊ होता. तो आधी लोहात मुरला, ज्वालामुखीच्या वायूंमध्ये खर्ची पडला, आणि सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी हवेत उरू लागला. याचा पुरावा गंधकात आहे. त्याआधीच्या खडकांतल्या गंधकाच्या समस्थानिकांचं, म्हणजे कमी-जास्त वजनाच्या अणूंचं, प्रमाण एका विशिष्ट तऱ्हेनं विस्कटलेलं असतं, आणि तसं ते प्राणवायू जवळजवळ नसलेल्या हवेतच विस्कटू शकतं. नंतरच्या खडकांत ही खूण नाहीशी होते. 2000 साली फार्कर, बाओ आणि थीमन्स या शास्त्रज्ञांनी हे दाखवलं. तो शोधनिबंध पहिल्यांदा वाचला त्या रात्री मला झोप आली नव्हती. इतक्या जुन्या हवेची नोंद दगडात राहते, याचं मला आजही नवल वाटतं.

तोवर पृथ्वीवर नांदणाऱ्या जीवांना हा वायू विषारी होता. ते संपले नाहीत, हवा पोचत नाही तिथे सरकले. भातखाचराच्या चिखलात, गाईच्या पोटात, आपल्याकडच्या गोबरगॅसच्या टाकीत मिथेन बनवणारे जीव त्याच जुन्या जगातले. झाकण नीट बसलं नाही आणि हवा शिरली की गॅस धरत नाही, हे गोठा सांभाळणाऱ्या कोणत्याही बाईला ठाऊक असतं.

झाडं यात कुठे? पृथ्वी साधारण 454 कोटी वर्षांची, आणि पहिली अरण्यं जेमतेम 39 कोटी वर्षांपूर्वीची. शिवाय पानातलं हरितलवक, म्हणजे पेशीतला अन्न बनवणारा हिरवा कण, हे कधीकाळी दुसऱ्या पेशीत शिरून तिथेच राहिलेल्या सायनोबॅक्टेरियाचं वंशज आहे. म्हणजे वडसुद्धा प्राणवायू बनवतो तो त्या जुन्या जीवाच्या हातानं.

आता दुसरा दगड, चंद्रपूरकडचा कोळसा. इथे मुलांना वहीत जमाखर्च मांडायला लावते. पान वाढताना जेवढा प्राणवायू सोडतं, जवळपास तेवढाच ते कुजताना परत घेतं. जुन्या, भरल्या रानाची शिल्लक म्हणूनच शून्याच्या आसपास असते. शिल्लक पडते ती पान कुजायच्या आत गाळाखाली गाडलं गेलं तरच. जेवढा कार्बन पुरला गेला, तेवढा प्राणवायू वर मोकळा राहिला. चंद्रपूरचा कोळसा म्हणजे सुमारे 28 कोटी वर्षांपूर्वी ग्लोसोप्टेरिस या आता नामशेष झालेल्या झाडांच्या दलदलींत असं पुरलं गेलेलं रान. अर्थात समुद्रतळाच्या गाळात विखुरलेला कार्बन जगातल्या सगळ्या कोळशाहून कितीतरी जास्त आहे.

म्हणून माझं उत्तर "नाही" असतं. हवेच्या दहा लाख भागांत सुमारे 2 लाख 9 हजार भाग प्राणवायू आहे. आपण कोळसा-तेल जाळतो त्यामुळे त्यातले वर्षाला चारेक भाग कमी होतात. राल्फ कीलिंग या शास्त्रज्ञानं हे मोजायची पद्धत बसवली आणि ही घट त्यात स्वच्छ दिसते. या गतीनं श्वास कोंडायला हजारो वर्षंही पुरणार नाहीत. पण त्याच जाळण्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड कारखानदारीच्या आधी दहा लाखांत फक्त 280 भाग होता, आज तो 420च्या वर गेलाय. एकीकडे मोठ्या राशीतून चिमूटभर गेली, दुसरीकडे मूठभर साठा दीडपट झाला. माझी भीती या दुसऱ्या आकड्याची आहे, आणि झाड लावताना मुलांनी तोच लक्षात ठेवावा असं मला वाटतं. उताराची माती धरून ठेवणं, पाणी जिरवणं ही झाडाची कामं तर कोकणात कोणाला सांगावी लागत नाहीत.

गेल्या वर्षी सातवीतल्या एका मुलीनं कोळशाचा तुकडा बराच वेळ हातात फिरवला. "मग याच्या वाटचा प्राणवायू कुठंय?"

"वर हवेत."

"आणि हा जाळला की?"

"तो याच्याकडे परत येतो."

तिनं तुकडा रेडीच्या दगडाशेजारी ठेवला आणि काळे हात फ्रॉकला पुसले.