सात नंबर, पंधरा टक्के

दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळी ते होळी आमचं हेच चालतं. वडशाहून नाटक कंपनीची गाडी निघते, संध्याकाळपर्यंत धान कापलेल्या बांधीत स्टेज उभं राहतं, रात्री दहाला उघडलेला पडदा पहाटे पडतो. दुसऱ्या दिवशी दुसरं गाव. मी लाइट चालवतो.

क्यू म्हणजे कोणत्या क्षणी कोणता दिवा किती, हे ठरवून ठेवलेले टप्पे. ते एकदा रेकॉर्ड झाले की नुसतं ‘गो’ दाबत बसायचं, असं लोकांना वाटतं. पण रोज स्टेजची खोली बदलते, पाइपची उंची बदलते, जनरेटर बदलतो. काल जो उजेड बेताचा होता तो आज मागच्या पडद्यावर सांडतो. म्हणून क्यू रोज दुरुस्त करावे लागतात, आणि तेही चालू प्रयोगात. गाण्यांच्या तालमीला कंपन्या दिवस देतात, लाइटला अर्धा तास देत नाहीत. दर हंगामात बोलतो, कोणी ऐकत नाही.

जानेवारीतली रात्र होती, कुरखेड्याकडचं गाव. क्यू ३१ मध्ये सात आणि आठ नंबरचे पार दिवे वाड्याच्या पडद्यावर फार पडत होते. मी ते ८० टक्क्यांवरून १५ वर आणले आणि ‘अपडेट’ दाबलं. पडदा छान दिसला, मी निवांत झालो.

आमचा कन्सोल, म्हणजे दिवे चालवायचं यंत्र, ट्रॅकिंगचा आहे. तो प्रत्येक क्यूमध्ये सगळे दिवे नव्याने लिहून ठेवत नाही, जेवढं बदललं तेवढंच लिहितो. पुढे कुठे वेगळं सांगितलं नसेल, तर दिवा आधीच्या क्यूमधल्या आकड्यावरच राहतो. मी ‘क्यू ओन्ली’ करून अपडेट केलं असतं, तर बदल ३१ पुरता राहिला असता आणि ३२ ला दोन्ही दिवे परत ८० वर आले असते. तसं केलं नाही. ते १५ टक्के ३२, ३३, ३४ असे पुढे पुढे वाहत राहिले. मधल्या प्रवेशांत बाकीचे दिवे भरपूर होते, त्यामुळे कळलं नाही. कळलं ३८ ला. आईचं गाणं, सगळं स्टेज निळं, आणि तिच्या चेहऱ्यावर फक्त सात आणि आठ.

आईचं काम करणाऱ्या ताई नेहमीच्या जागी येऊन उभ्या राहिल्या. चेहरा काळा. मला वाटलं केबल गेली. दव पडलं की आमचे कनेक्टर दगा देतात. पोराला स्टेजकडे पळवलं. स्क्रीनवरचा आकडा मी वाचलाच नाही. अर्धं गाणं तिथेच गेलं.

तेवढ्यात ताई जागा शोधायला लागल्या. ओळ संपली की अर्धं पाऊल डावीकडे, पुढच्या ओळीला एक पाऊल पुढे. सूर कुठे हलला नाही. जुन्या नटांना उजेड गालावर कळतो. १००० वॅटच्या हॅलोजन पारखाली उभं राहिलं की ऊब लागते, डोळे मिटले तरी आपण उजेडात आहोत की नाही ते समजतं. आम्ही जनरेटरचा लोड वाचवायला दीडशे वॅटचे एलईडी लावले. त्यांची ऊब मागून, पंख्यातून निघून जाते. नटाच्या गालापर्यंत काही पोचत नाही. ताईंना जागा चुकली की दिवा, हे कळायला काही मार्गच उरला नव्हता.

शेवटी १५ दिसलं. एकदम चढवलं असतं तर झटका दिसला असता, म्हणून आठ सेकंदांत चढवलं. तोवर ताई तिथून दोन पावलं सरकल्या होत्या. उजेड रिकाम्या जागेवर पडला.

झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हापासून बाहेरगावचे पाहुणे येतात, नटांबद्दल, गाण्यांबद्दल विचारतात. त्यांना मी ही रात्र सांगतो. नट काय असतो ते मला त्या गाण्यात दिसलं.

पहाटे चहाच्या वेळी ताई जवळ आल्या. हळूच म्हणाल्या, ‘‘बाबू, माजा काई चुकला का गा?’’

मी म्हटलं, ‘‘नाही ताई, क्यू माझ्याकडून बिघडला.’’ आकडे सांगितले, अपडेट कसं पुढे वाहतं तेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी त्यांची चूक झाकतोय असंच त्यांना वाटलं. तीस हंगाम काम केलेली बाई पुढचे चार प्रयोग पडदा उघडायच्या आधी स्टेजवर येऊन आपली जागा पावलांनी मोजत होती.

आता ३८ मध्ये सात आणि आठचे आकडे पक्के लिहून ठेवलेत, मागून काहीही आलं तरी हलणार नाहीत. आणि सात नंबरला पुन्हा हॅलोजन टांगलाय. मालक लोडवरून कुरकुर करतात. परवा गाणं सुरू व्हायच्या आधी ताईंनी तोंड किंचित वर केलं, गाल तिकडे वळवला, आणि मगच पहिली ओळ घेतली.