तुमच्या मुलीचं झालं असतं तर?

हो, मला मुलगी आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा अर्धा प्रश्न वाचेल. लग्नाच्या पंगतीत विचारून झालंय, सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचारून झालंय, एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी माझा जबडा उघडा असतानाच विचारलं: ‘तुमच्या मुलीचं असं झालं असतं, तर गेला असतात का त्या माणसाला वाचवायला?’

वाचवायला मी जातच नाही. मी पोहोचते तेव्हा सत्र न्यायालयाने त्याला दोषी ठरवून फाशी सुनावलेली असते. हायकोर्टाने कायम केल्याशिवाय ती देता येत नाही, त्या मधल्या काळात मी त्याच्या आयुष्याची माहिती गोळा करते. आमच्याकडे याला मिटिगेशन म्हणतात, म्हणजे शिक्षा सौम्य ठरू शकेल अशा बाबी शोधणं. पगार मिळतो, तो त्याच्या नातेवाइकांकडून नाही. त्यांच्याकडे एसटीचं भाडंही नसतं.

आणि हे आमच्या डोक्यातून निघालेलं खूळ नाही. गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही बघा, जन्मठेप हा नियम आणि फाशी अपवाद, हे बच्चन सिंग खटल्याच्या निकालाने १९८० सालीच सांगितलं. बघायचं कोणी आणि कसं, ते पुढची चाळीस वर्षं अधांतरीच होतं. सकाळी दोषी ठरवायचं, जेवणाच्या सुट्टीनंतर शिक्षेवर ऐकायचं. वकील उठून म्हणणार, आरोपी तरुण आहे, घरी म्हातारे आईवडील आहेत, दया व्हावी. झालं. मे २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या निकालात सुप्रीम कोर्टाने बजावलं की ही माहिती खटल्याच्या कोर्टातच आली पाहिजे. म्हणजे मी जे करते ते कोर्टालाच हवं असतं. पण हे सांगितलं की समोरचा माणूस घड्याळाकडे बघतो, कारण त्याने कायदा विचारलेला नसतो.

म्हणून मी एक उत्तर पाठ करून ठेवलं होतं. ‘माझ्या मुलीचं झालं असतं तर मी त्याचा गळाच दाबला असता. म्हणून तर कायदा माझ्या हातात नसावा.’ लोक गप्प बसायचे. एक-दोन ठिकाणी टाळ्याही मिळाल्या. आता ते वाक्य माझ्या तोंडून निघत नाही, आणि त्याचं कारण एका फाट्यावरची दुपार आहे.

त्या केसमध्ये गुन्हेगार आणि जिचा जीव गेला ती मुलगी एकाच गावचे. गाव सांगणार नाही. त्याचे आईबाप ऊसतोडीला जाणारे. लहानपणी कारखान्यावर उसाच्या गाडीवरून पडून त्याच्या डोक्याला मार लागला होता, बराच वेळ शुद्ध नव्हती, मुकादमाने दवाखान्यात नेऊ दिलं नाही, असं आई सांगत होती. पण आईचं बोलणं सरकारी वकील एका फुंकरीत उडवतो. कागद लागतो. दवाखान्याचा कागद असणं शक्यच नव्हतं, म्हणून मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी कपाटातून जनरल रजिस्टर काढून दिलं. त्यात त्याचं नाव दाखल, मग ‘सतत गैरहजर, नाव कमी केले’, पुढच्या जूनमध्ये पुन्हा दाखल, पुन्हा कमी. चौथीनंतर नाहीच. मी पानांचे फोटो घेतले, उताऱ्यावर सही-शिक्का घेतला. खरं सांगते, मी खुशीत होते. असा कागद हाती लागला की आम्हाला आनंद होतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

फाट्यावर एसटीची वाट बघत होते तर एक मोटरसायकल येऊन थांबली. मुलीचे वडील. शाळेतून कोणीतरी कळवलं असणार. आम्ही पीडितांच्या घरी जात नाही, ते त्यांच्यावर दडपण आणल्यासारखं होतं, म्हणून मी त्यांना कधी भेटले नव्हते. आता हात उचलतात की काय असं वाटलं. ते माझ्या फाइलकडे बघत होते.

‘बाई, त्याचा पहिलीपास्नंचा दाखला काढला म्हणं.’

हो म्हणाले.

‘तिचं बी नाव त्याच रजिस्टरात हाय. थोडी पानं पुढं. बघितलं का?’

बघितलं नव्हतं.

‘पोलिसांनी तिची चप्पल नेली, फ्रॉक नेला. मुद्देमाल म्हणून. अजून दिला न्हाई. मला साक्षीला उभं केलं, तर ती किती वाजता घरातनं गेली तेवढंच इचारलं. ती कितवीत होती, कशी होती, कुणी इचारलं न्हाई. त्याचं लहानपण इचाराया मात्र तुमी येवढ्या लांबनं आलात.’

मला काहीच सुचेना, म्हणून जे विचारू नये तेच विचारलं: तुम्हाला फाशीच हवी आहे का?

‘मला काय पायजे हे इचारणाऱ्या तुमी पयल्याच. आन तुमी त्याच्याकडनं.’

एसटी आली, मी सोडली. ते खाली बसले आणि मुलीबद्दल बोलायला लागले, पुढची एसटी येईपर्यंत बोलत राहिले. ते इथे लिहिणार नाही. माझ्या अहवालातही त्याला जागा नव्हती. हायकोर्टात तारीख कधी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, तेव्हा त्यांच्याच मोबाइलवर केसची स्थिती कशी बघायची ते दाखवलं. जाताना नंबर मागितला, दिला.

तर हे झालं. यावरून मी काय शिकले असं विचाराल, तर फाशीबद्दलचं माझं मत एका सुताने बदललं नाही. बदललं ते एवढंच की गळा दाबायचं ते वाक्य त्यांच्यासमोर उच्चारता आलं नसतं, हे कळलं. त्या वाक्यात मी त्यांचं दुःख उसनं घेऊन तुम्हाला गप्प करत होते.

मग फाशी नको का म्हणते? सोपं उत्तर आहे ते आधी देते. कोण मरणार हे कुठला कागद सापडतो यावर ठरतं. पुण्यात १९९४ साली सात जणांचे खून झाले. फाशी सुनावलेल्यांपैकी एकाची शिक्षा २००० साली सुप्रीम कोर्टानेही कायम केली. मार्च २०२३ मध्ये त्याच कोर्टाने मान्य केलं की गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. आधार कशाचा, तर शाळेतल्या जन्मतारखेच्या नोंदीचा. तोवर अठ्ठावीस वर्षं आत काढली होती. दुसरं प्रकरण २००३ मधलं, तेही महाराष्ट्रातलंच: भटक्या जमातीतले सहा जण, २००९ साली सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना फाशी सुनावली, आणि २०१९ साली सुप्रीम कोर्टानेच सहाही जणांना निर्दोष सोडून सरकारला प्रत्येकी पाच लाख द्यायला लावले. फाशी उरकली असती तर ते पाच लाख कोणाच्या हातात ठेवले असते?

पण हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर नव्हे, मला माहीत आहे. निर्दोषाला फाशी नको हे तुम्हीही म्हणता. माझ्या केसमधल्या माणसाने ते केलं होतं. मी त्याच्यासमोर बसले आहे. माणुसकीचा साक्षात्कार वगैरे काही झाला नाही. त्याने मला मुलीबद्दल एक अक्षर विचारलं नाही; अहवाल गेल्यावर बराक बदलून मिळेल का, हे विचारलं. चिडून बाहेर आले.

आणि माझ्याशी सर्वांत जास्त भांडते ती तुमच्यापैकी कोणी नाही, २००६ सालची मी आहे. खैरलांजीतल्या दलित कुटुंबाच्या हत्याकांडानंतरच्या मोर्चात मी होते. फाशी द्या, फाशी द्या म्हणून घसा बसला होता. बाबासाहेबांनी ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत फाशीची शिक्षाच रद्द करण्याच्या बाजूने मत मांडलं होतं, हे तेव्हा मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला मोर्चातून हाकललं असतं. ती २००६ सालची मुलगी मला म्हणते: आपल्या माणसांना मारणाऱ्यांना कधी नव्हे ती फाशी लागली, की नेमकं तेव्हाच तुम्हाला दया आठवते. २०१० साली हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने खैरलांजीच्या सहा दोषींची फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची कैद दिली आणि त्याच निकालात म्हटलं की यात जात नव्हती, सूड होता. फाशी गेली याचं आज मला वाईट वाटत नाही. ‘जात नव्हती’ याचा राग जसाच्या तसा आहे. या दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात एकत्र राहतात, आणि त्या मुलीला मी पुरं उत्तर देऊ शकलेली नाही.

तिला एवढंच दाखवते की फाशीची घोषणा सरकारला फार स्वस्तात पडते. दिल्लीतल्या निर्भया प्रकरणानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने २०१३ साली बलात्काराला फाशी सुचवली नाही, पोलीस आणि खटल्याच्या व्यवस्थेवर पानंच्या पानं लिहिली. कायद्यात फाशी आली, पानं राहिली. आपल्याकडे डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने फाशीची तरतूद असलेलं शक्ती विधेयक मंजूर केलं, बाकं वाजली, राष्ट्रपतींची संमती काही मिळाली नाही. आणि सुनावलेली फाशी तरी? लहान मुलं पळवून मारणाऱ्या कोल्हापूरच्या त्या दोन बहिणींना २००१ साली झाली, दयेचे अर्ज २०१४ पर्यंत फिरले, २०२२ साली हायकोर्टाने या दिरंगाईवरून ती जन्मठेपेत बदलली. त्या मुलांच्या आईबापांनी एकवीस वर्षं कशाची वाट बघितली?

माझ्या केसमध्ये हायकोर्टाने फाशी काढली आणि कुठलीही सूट न देता तीस वर्षं दिली. ही दया आहे की सावकाश दिलेली दुसरी फाशी, मला सांगता येत नाही. फाशी नको म्हणणाऱ्या आमच्यापैकी अनेकजण अशा निकालावर पेढे वाटतात. मी वाटले नाहीत.

संध्याकाळी तिच्या वडिलांचा फोन आला. निकाल मोबाइलवर बघितला होता. ‘तुमच्या त्या दाखल्यामुळं झालं का?’ निकालपत्रात रजिस्टरचा उल्लेख आहे, म्हणाले. ‘तुमाला काय वाटतं, बरं झालं?’

मी हो म्हणाले.

ते थोडं थांबले, आणि फ्रॉक परत मिळायला अर्ज कुठे करायचा ते विचारलं. सत्र न्यायालयात, पण सुप्रीम कोर्टातलं अपील संपेपर्यंत मुद्देमाल सुटणार नाही. हेही त्यांना मलाच सांगावं लागलं.