कीबोर्डला सगळं माहीत असतं

सकाळी फॅमिली ग्रुपवर काका गेल्याची बातमी आली. मी नुसतं 'भाव' टाइप केलं आणि कीबोर्डने लगेच 'भावपूर्ण श्रद्धांजली' पुढे केलं, एक टच, हात जोडलेला इमोजी, झालं. वर बघितलं तर तेच, खाली पण तेच, एकाने तर घाईत केकचा स्टिकर टाकून डिलीट केला.

संध्याकाळी गेलो तर काकू मुलीला म्हणत होती, "ते सायकलवाल्याचं परत वाच गं."

जुन्या शेजाऱ्याच्या मुलाने लिहिलेलं, की त्याच्या दहावीचं अख्खं वर्ष काका दर रविवारी त्याच्या सायकलची चेन रॉकेलने धुऊन द्यायचे आणि एकदाही 'अभ्यास कसा चाललाय' विचारलं नाही. बास. आत्म्याला शांती वगैरे काही नाही.

50 पैशांच्या पोस्टकार्डाची अर्धी बाजू पत्त्यातच जायची, तरी माणसं कोंबून कोंबून, शेवटी कडेला कार्ड फिरवून लिहायची. आता जागाच जागा.

मला भोवऱ्याला दोरी गुंडाळायला काकांनीच शिकवलेलं. घरी आल्यापासून तेच लिहितोय, खोडतोय. आधीचा मेसेज तसाच ठेवून आता हा टाकला तर विचित्र दिसेल का?